वासंती घरी आली

फोन ऑफिसात आला. दुपारचा डबा नुकताच आटोपला होता, हात पुसत मी जागेवर येत होते, तेवढ्यात शिपायाने साहेबांच्या केबिनमधून हाक मारली. फोनवर मार्थाआंटी होती. एरवी फोनवर ती मोठमोठ्याने ओरडायची, जणू मी खाडीच्या पलीकडे उभी आहे. त्या दिवशी इतकं हळू बोलली की मला दोनदा विचारावं लागलं. "सुनंदा... आपली वासंती गेली गो." मी रिसीव्हर ठेवला, टेबलाशी आले आणि कारण नसताना समोरच्या फायली एकावर एक नीट रचायला लागले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं? कोण गेलं?" मी म्हटलं, "माझी बहीण." त्या गोंधळल्या. "अगं, पण तुला तर एक भाऊच ना?"

"हो," मी म्हटलं. "तीच."

सव्वा महिना होत आला त्याला. अंधेरी, घाटकोपरच्या वाचकांपैकी काहींना 'मिस वासंती' हे नाव आठवत असेल. चार-सहा वर्षांपूर्वी तिची पोस्टरं भिंतींवर असायची. विमानतळाजवळच्या एका हॉटेलात ती कॅबरे करायची आणि ती जन्माने मुलगा होती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यासाठीच तर बरेचजण यायचे. तिच्यासारख्या माणसाला काय म्हणायचं, ते मला अजून ठाऊक नाही. आपल्याकडे जे शब्द आहेत, ते सगळे शिव्या म्हणून वापरून झालेले आहेत. मी तिला 'ती' म्हणते. लहानपणीच्या गोष्टी सांगतानाही 'ती'च म्हणणार. वाचताना कुणी अडखळेल, पण माझा आता इलाज नाही... 'तो' असं माझ्या हातून लिहवत नाही.

आम्ही घाटकोपरचे, डोंगराखालच्या चाळीतले. बाबा मालवणकडचे, कुर्ल्याच्या कापडगिरणीत साचे, म्हणजे माग चालवायचे. बोलणं कमी, आवाज मोठा. त्यांना वेड एकच, दशावताराचं. गावी जत्रेला गेलो की मुक्काम देवळासमोर. तिथे पुरुषच बायकांची कामं करतात, नऊवारी नेसून, अंबाडा घालून, आणि बाबा त्या नटांबद्दल असं बोलायचे, जसं लोक देवाबद्दल बोलतात. "बघलंस? बायकांक लाजवता," म्हणायचे. वासंती तेव्हा वसंत होती, माझ्याहून चार वर्षांनी लहान. बाबांच्या मांडीवर बसून ती ते सगळं तोंड उघडं टाकून पाहायची. मला वाटतं, त्या मांडीवर बसूनच तिला पहिल्यांदा कळलं असेल की असंही होता येतं. आणि तसं झालं तर बाबा खूश होतात, हेही.

चाळीच्या गणपतीत मग ती नाचली. आईने आपलं लुगडं दुमडून नेसवलं, मी गजरा माळला, काजळ घातलं. नऊ-दहा वर्षांचं पोर, पण काय नाचली! लोकांनी पुन्हा नाचायला लावलं. बाबा पुढच्या रांगेत उभं राहून जो भेटेल त्याला सांगत होते, "माझो झील! माझो झील तो!" आपल्या मुलाचे म्हणून अख्ख्या मजल्याला त्यांनी त्या दिवशी पेढे वाटले. घरी आल्यावर मी तिचा गजरा सोडायला गेले तर ती मागे सरली. बाबा हसत म्हणाले, "नाटक संपला. रंग पूस." ती म्हणाली, "थोडो येळ ऱ्हवांदेत मा, बाबा." त्यांनी पुन्हा सांगितलं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हातांनी पदर घट्ट धरून. बाबांचं हसू हळूहळू उतरत गेलं. त्यांनी तिला मारलं नाही त्या दिवशी. नुसतं बघत राहिले, आणि मग आईला म्हणाले, "परत ह्येका लुगडा नेसवायचा नाय." मला तेव्हा कळेना, मघाशी ज्याचे पेढे वाटले, त्याचाच घरी येताच राग का आला.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. शाळेत मुलं चालीची नक्कल करायची, नळावर बायका हसायच्या, आणि बाबांचा हात सैल सुटला तो सुटलाच. ती मात्र एका बाबतीत हट्टी होती. केस कापायची नाही. मानेपर्यंत आले, खांद्यापर्यंत आले. सतरा वर्षांची असताना एका रविवारी बाबांनी तिला दंडाला धरून नाक्यावरच्या न्हाव्याकडे नेलं आणि चमनगोटा करायला लावला. दुकानाबाहेर माणसं जमली. मी धावत गेले, तेव्हा ती खुर्चीत अगदी शांत बसली होती आणि सगळे केस तिच्या मांडीवर पडले होते. ती ते बोटांनी सारखे करत होती... मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसे.

आठवडाभरात तिने घर सोडलं. आईला आधीच कळलं असावं, कारण पिशवीत भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधलेली होती. रात्री बाबांना कळलं तेव्हा ते भडकले नाहीत. त्याहून वाईट केलं. आईला देवासमोर उभं करून म्हणाले, "माझ्या मेल्याची शपथ आसा तुका. तेचा तोंड बघायचा नाय, तेच्याकडे जावचा नाय." आणि आईने ती शपथ पाळली. बायका चोरून काहीतरी मार्ग काढतात, असं आपण ऐकतो. माझ्या आईने नाही काढला. नवऱ्याच्या जिवाची शपथ तिला खरीच वाटत होती.

वर्ष-दीड वर्षाने, मी अंधेरीच्या ऑफिसात नोकरीला लागले त्याच सुमारास, एके संध्याकाळी समोरच्या उसाच्या गुऱ्हाळापाशी एक उंच मुलगी उभी दिसली. पंजाबी ड्रेस, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. मी पुढे निघाले तर मागून हाक आली, "ताई." मी वळले. "ओळखलं नाहीस ना? अगं, मी वासंती." नाव असं सांगितलं, जसं परीक्षेचा निकाल सांगावा. आम्ही तिथेच एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, आणि गुऱ्हाळवाला बिचारा रसाचे ग्लास हातात घेऊन उभाच.

एका ऑर्केस्ट्रात ती कोरसमध्ये नाचत होती, आणि राहत होती सहार गावात मार्थाआंटीकडे. आंटी विधवा, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचीच मूळची ख्रिस्ती, हॉटेलात नाचणाऱ्या बायकांचे कपडे शिवायची. माप घ्यायला गेलेल्या वासंतीला तिने पहिल्या दिवशी जेवायला घातलं आणि मागची खोली राहायला दिली ती दिलीच. मी एकदा विचारलं, "आंटी, तुम्हाला काही वाटलं नाही?" आंटी सुईत दोरा ओवत म्हणाली, "वाटला ना. वाटला, पोर किती बारीक झालीय." माझ्या लग्नानंतर आमच्या मुलुंडच्या घरी वासंती यायची, माझ्या मुलीला नाच शिकवायची. मुलगी तिला वासूमावशी म्हणते. अजून म्हणते... तिला अजून पुरतं कळलेलं नाही.

हॉटेलात सोलो नाचायची संधी मिळाली, तेव्हा शेटने तिचं नाव 'मिस रोझी' ठेवायचं ठरवलं होतं. तिने साफ नकार दिला. "शेट, मी नाव आयुष्यात एकदाच बदलणार होते, ते बदलून झालंय." शेटने नाव मान्य केलं, पण दुसरी अट घातली. नाच संपताना तिने डोक्यावरचा सोनेरी केसांचा टोप काढायचा. लोकांना कळू दे की हा बाप्या आहे, त्यावरच तर गर्दी होणार. ती हो म्हणाली. पहिल्या दिवशी संध्याकाळच्या शोला मी, माझे यजमान आणि आंटी एका कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो होतो. ती आली ती लावणीच्या ठेक्यात, हळूहळू वाद्यं बदलली, सॅक्सोफोन आला, ड्रम आले, आणि ती दोन्ही एकत्र नाचत राहिली. कमरेच्या वर गाव, खाली मुंबई, असं माझे यजमान म्हणाले. पुढच्या टेबलांवरचे पुरुष घाणेरडं काहीबाही ओरडत होते, शेवटची वाट बघत होते. संगीत थांबलं. तिने टोपाला हात घातला, काढला, आणि तिची स्वतःची वेणी सुटून कमरेखाली आली. जाड, काळी, तेल लावलेली. तिने कुणाकडे पाहिलं नाही, वेणी पुढे घेतली आणि नमस्कार केला. मग कुठूनतरी एक टाळी वाजली आणि मग छप्पर उडेल असं वाटलं. शेट दोन दिवस धुमसत होता. तिसऱ्या दिवसापासून दारात गर्दी मावेना, तेव्हा तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

चार-पाच वर्षं तिची होती. सिनेमातली माणसं येऊन बसायची. आंटीचं मशीन तिच्या कपड्यांसाठी दिवसभर चालायचं. "झकास चाललंय ना, ताई?" ती विचारायची, आणि लगेच पुढे, "घरी कसे आहेत सगळे?" टाळ्या वाजवणारे लोक दिवसाउजेडी रस्त्यात तिला पाहून तोंड फिरवायचे. एकदा छापा पडला, तेव्हा तिला त्याच कपड्यात चौकीवर नेऊन पुरुषांच्या कोठडीत घातलं. तिथे काय झालं, ते तिने मला सांगितलं नाही. नंतर कित्येक दिवस ती आंटीच्या खोलीत दिवा लावून झोपायची.

गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बाबा घरी बसले. सकाळी उठून सवयीने कपडे घालायचे आणि गॅलरीत उभे राहायचे. घाटकोपरच्या बाजारात तिचं एक पोस्टर लागलं होतं. त्याच्यासमोर बाबा उभे असल्याचं मला शेजाऱ्यांनी सांगितलं, एकदा नाही, तीन-चारदा. मग एका शनिवारी मी माहेरी गेले असताना ते एकदम म्हणाले, "ता हाटेल खंय इला?" मी म्हटलं, चला, मी नेते. आईने त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करून दिला. ती दारातून आमच्याकडे बघत होती... तिला शपथ होती, बाबांना नव्हती.

काळी टोपी, पायजमा आणि गिरणीच्या कामगाराचे ते खरबरीत हात. त्या लाल दिव्यांत बाबा खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते. वेटरने काय आणू विचारलं, तर म्हणाले, "पाणी." ती आली. तिला माहीत नव्हतं ते आलेत. मी नाच पाहिलाच नाही, मी बाबांचं तोंड पाहत होते. त्यावर काहीच दिसत नव्हतं. फक्त पहिला लावणीचा तुकडा लागला, तेव्हा त्यांची बोटं टेबलावर ठेका धरायला लागली आणि लक्षात येताच थांबली. शेवटी वेणी सुटली, तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि आपल्याच तळहातांकडे बघितलं. दिवे लागायच्या आत उठले. आम्ही बसस्टॉपवर आलो. बस लांबून येताना दिसली, तेव्हा म्हणाले, "पाय बरे पडतत."

दुसऱ्या दिवशी मी हे वासंतीला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं हातात तसंच. "परत सांग."

"पाय बरे पडतात म्हणाले."

"तसं नाही गं. मालवणीत सांग. त्यांच्यासारखं."

मी सांगितलं. तिने पाच-सहा वेळा माझ्याकडून म्हणवून घेतलं, कधी आवाज जाड करायला लावून, कधी हळू. मग म्हणाली, "बोलावतील बघ आता." त्या वर्षीच्या गणपतीत तिने आईसाठी आणि बाबांसाठी कपडे आणून ठेवले. बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मी बाबांशी बोलले, भांडले, रडले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. संपाने त्यांची गिरणी कायमची गेली होती, आणि त्या माणसात एक शब्द मागे घेण्याइतकीही ताकद उरली नव्हती, असं मला आज वाटतं. तेव्हा मला त्यांचा नुसता राग यायचा.

मग कॅबरे बंद होत गेले. हॉटेलवाल्याने स्टेज काढून टेबलं वाढवली, बिअर बार केला. तिला सांगितलं, आता नको येऊस. तीही थकली होती. "वाट लागली यार, ताई," हसत म्हणायची. खाणं तुटलं. मागच्या पावसाळ्यात डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ आहे, उतरेल, असं म्हणत तिने दोन महिने अंगावर काढले. शेवटी आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं, तेव्हा पोट फुगलं होतं. बायकांच्या वॉर्डात घेईनात. रेशनकार्डावर वसंत, म्हणून पुरुषांच्या वॉर्डात खाट. एका सिस्टरला दया आली, तिने खाटेभोवती हिरवा पडदा लावून दिला. त्या पडद्याआड माझी आणि तिची शेवटची भेट झाली. मी म्हटलं, सिस्टरना सांगते, तुला वासंती म्हणून हाक मारत जा. तर म्हणाली, "राहू दे गं. इथे सगळे वसंत म्हणतात ना... डोळे मिटलेले असतात आणि कुणी हाक मारली की एक क्षण वाटतं, बाबा आलेत."

मी तिला कुशीवर वळवलं, पाठ पुसली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो फोन आला.

ऑफिसातून मी आधी घाटकोपरला गेले. आई तांदूळ निवडत होती. मी सांगितल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं, उठली आणि बाबांच्या खाटेसमोर जाऊन उभी राहिली. उभ्या आयुष्यात तिने त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही चढवला. म्हणाली, "ज्या दारातसून भायर काढलात, त्याच दारातसून तिका जावंदे. हय हाडा तिका." इकडे आणा तिला, म्हणत होती. 'तेका' नाही, 'तिका'. पहिल्यांदाच म्हणाली. बाबा उठून बसले. मग त्यांनी आपली खाट एकट्याने उचलली आणि बाहेर गॅलरीत नेऊन ठेवली, मधली जागा मोकळी केली.

संध्याकाळी वासंती घरी आली. चाळ गॅलरीत उभी होती, सगळे मजले. पाणी तापलं, पण पुढे कुणी येईना. बाई असेल तर बायका आंघोळ घालतात, पुरुष असेल तर पुरुष. बायका पुरुषांकडे बघत होत्या, पुरुष बायकांकडे. कुणी वाईट बोलत नव्हतं, नुसते उभे होते सगळे. वाफ निवत चालली होती. आईने पदर खोचला आणि खाली बसली. तिच्यामागे मी, माझ्यामागे मार्थाआंटी, गळ्यातला क्रॉस आत सारून. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतल्या सावंतकाकू गर्दीतून पुढे आल्या, वाकून तांब्या उचलला. "सरा गो. डोक्यावरसून पाणी मी घालतंय." आईने तिचे पिवळे पडलेले हात बोट बोट करून धुतले. पंधरा वर्षांनी लेकराला हात लावत होती. मध्येच माझ्याकडे बघून म्हणाली, "केवढा वाढला गो..." आणि तिथेच तिचा धीर सुटला.

गौरीला नेसायची आपली जरीची नऊवारी आईने तिला नेसवली. स्मशानात बायका जात नाहीत, त्यामुळे पुढचं मला यजमानांनी सांगितलं. भटजींनी नाव विचारलं. बाबांनी माझ्या यजमानांकडे पाहिलं. यजमान म्हणाले, "वासंती." बाबांनी दुरुस्त केलं नाही. अग्नी बाबांनी आणि यजमानांनी मिळून दिला.

तेराव्यानंतर आई मला म्हणाली, तिची खोली दाखव. मी तिला बसने सहारला नेलं. चर्चच्या मागची ती बोळ, आंटीचं कौलारू घर, मागच्या बाजूला दहा बाय दहाची खोली. आई उंबऱ्याबाहेर थांबली, चपला काढल्या. आत स्टोव्ह, दोन पातेली, आरसा, खिडकीतला जुईचा वेल, खिळ्याला अडकवलेलं घुंगरांचं बोचकं. खोली आवरून रिकामी करायची, म्हणून मी पोतं नेलं होतं. आईने ते घेतलं, घडी घातली आणि दाराआड ठेवून दिलं. मग केरसुणी शोधून खोली झाडायला लागली. आंटी दारात येऊन म्हणाली, "राहू दे गो सामान. मला कोण नवीन पाहिजे हितं?"

तेव्हापासून दर गुरुवारी आई घाटकोपरहून एकटी बस बदलत सहारला जाते. खोली झाडते, जुईला पाणी घालते, स्टोव्ह पेटवून चहा करते आणि आंटीबरोबर पिते. दोघींची भाषा निम्मीच जुळते, पण बसतात तासन् तास. बाबा विचारत नाहीत, कुठे चाललीस. तिला परत यायला उशीर झाला तर गॅलरीत उभे राहतात. परवा मी न राहवून म्हटलं, "आई, असं किती दिवस जाणार? आता ती नाहीये तिथे."

आई पिशवीत चहापत्ती घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती होती तेव्हा माका जावक गावला नाय. आता गावता... तर जावंदे."